खांद्याचा रोटेटर कफ दुखावला तर फिजिओथेरपी नेमकं काय करते

एमआरआयच्या रिपोर्टवर 'सुप्रास्पायनेटस टेंडन टिअर' असं छापून आलं की भलाभला माणूस धास्तावतो. आत काहीतरी फाटलंय, मग ते शिवल्याशिवाय बरं कसं होणार, असं मनात येणं साहजिक आहे. घरचे म्हणतात, हात हलवू नका, पिशवी उचलू नका, गळ्यात पट्टी अडकवून ठेवा. असा महिनाभर जपलेला खांदा आणखी आखडतो, आणखी अशक्त होतो, आणि दुखणं असतं तिथेच राहतं. चाळिशी-पन्नाशीनंतर हळूहळू सुरू झालेल्या अशा बहुतेक दुखण्यांवर पहिला उपचार मोजूनमापून दिलेला व्यायाम हाच असतो. तो दोन-तीन महिने नेटाने करावा लागतो. काही खांदे मात्र वाट पाहण्याजोगे नसतात, आणि ते ओळखता येणं तितकंच महत्त्वाचं आहे.

खांद्याच्या आत काय असतं

शरीरात सर्वांत जास्त दिशांना फिरणारा सांधा खांद्याचा. ही मोकळीक त्याला उथळ बैठकीमुळे मिळते. दंडाच्या हाडाचा गोळा खवाट्याच्या (पाठीवरच्या चपट्या, तिकोनी) हाडावरच्या ज्या खोबणीला टेकतो ती इतकी उथळ असते, की गोळ्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग तिच्यात मावतो. बशीत मोसंबं ठेवावं तसा. मांडीच्या सांध्यात गोळा खोलवर रुतलेला असतो, त्यामुळे तिथे हाडंच सांधा सांभाळतात. खांद्यात ही जबाबदारी स्नायूंवर येते.

हे स्नायू चार. वरून येणारा सुप्रास्पायनेटस, मागून येणारे इन्फ्रास्पायनेटस आणि टेरीस मायनर, आणि खवाट्याच्या बरगड्यांकडच्या बाजूने पुढे येणारा सबस्कॅप्युलॅरिस. स्नायूचं टोक जिथे हाडाला चिकटतं तिथे तो मांसल राहत नाही, चिवट पांढऱ्या पट्ट्यात बदलतो. हा पट्टा म्हणजे टेंडन. चौघांचे टेंडन गोळ्याभोवती एकमेकांत मिसळतात आणि एक सलग वेढा तयार होतो. त्यालाच रोटेटर कफ म्हणतात.

हात वर उचलण्याची ताकद मुख्यतः दंडावरच्या मोठ्या डेल्टॉइड स्नायूची असते. पण डेल्टॉइड एकटाच ओढू लागला तर गोळा खोबणीत फिरण्याऐवजी वर सरकतो. म्हणून हात उचलताना कफचे चारही स्नायू गोळ्याला खोबणीत दाबून धरतात. डोक्यावरून हात नेण्याच्या १८० अंशांपैकी साधारण १२० अंश या सांध्यात घडतात आणि ६० अंश खवाटा पाठीवर सरकल्याने मिळतात. म्हणूनच खांद्याच्या दुखण्यात फिजिओथेरपिस्ट तुम्हाला पाठमोरं उभं करून हात वर-खाली करायला लावतात. खवाटा नीट सरकतोय का, एक बाजू आधीच कानाकडे उचलली जातेय का, हे मागूनच दिसतं.

या चौघांत सर्वाधिक सोसतो तो सुप्रास्पायनेटस. त्याचा टेंडन गोळा आणि वरचं अ‍ॅक्रोमियन नावाचं हाडाचं टोक यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून जातो. तिथेच बर्सा नावाची पातळ पिशवी असते. टेंडनवर त्याच्या कुवतीपेक्षा जास्त भार वारंवार पडला, वयानुसार त्याचे तंतू झिजत गेले, त्यात मधुमेह किंवा तंबाखूची भर पडली, तर टेंडन जाडसर होतो, दुखू लागतो. त्याला अर्धवट चीर जाऊ शकते, कधी आरपार छेद पडतो. बर्साही सुजू शकतो. व्यवहारात या सगळ्यांना सरसकट 'रोटेटर कफची दुखापत' म्हटलं जातं.

दुखतं कुठे, आणि त्याला दुसरंच काय समजलं जातं

गंमत अशी की दुखणं बहुधा खांद्याच्या टोकाला जाणवत नाही. ते दंडाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे लस टोचतात त्या जागी जाणवतं. हात खाली असताना फारसं काही नसतं. उचलताना साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात कळ येते आणि त्या पलीकडे गेल्यावर पुन्हा बरं वाटतं. माळ्यावरचा डबा काढताना, दोरीवर चादर टाकताना, ब्लाउजचं मागचं हुक लावताना, गाडीचा सीटबेल्ट ओढून घेताना ती टोचते. रात्री त्या कुशीवर वळलं की झोपमोड होते. या झोपमोडीनेच बरेच जण शेवटी डॉक्टरांकडे जातात.

आपल्याकडे मात्र खांदा दुखला की तो 'फ्रोझन शोल्डर' ठरवला जातो. शेजारी ठरवतात, नातेवाईक ठरवतात, कधी कधी तपासणीआधी रुग्णच ठरवून येतात. दोन्हींचे उपचार वेगळे असल्याने हा फरक समजून घ्यायला हवा.

घरी एक गोष्ट करून बघा. आरशासमोर उभे राहा. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवा, कोपरात हात काटकोनात वाकवा, अंगठे छताकडे. आता कोपरं न हलवता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला फिरवा. चांगला हात जिथवर जातो त्याच्या निम्म्यावरच दुखरा हात अडकला, आणि दुसऱ्या कुणी हलक्या हाताने फिरवूनही तो पुढे जाईना, तर सांध्याचं आवरणच आकसलेलं असण्याची शक्यता मोठी. तो फ्रोझन शोल्डरचा नमुना. मधुमेह असलेल्यांमध्ये तो बराच जास्त दिसतो. रोटेटर कफच्या दुखण्यात बहुतेकदा उलट असतं: स्वतः उचलताना दुखतं, जोर लागत नाही, पण दुसऱ्याने आधार देऊन हात नेला तर तो बराचसा जातो. ही चाचणी निदानाची जागा घेत नाही. सांध्याची झीज असली तरी हात असाच अडकतो आणि ती एक्स-रेत दिसते. पण आपलं दुखणं कुठल्या गटातलं, याचा अंदाज यातून येतो.

मानेतून येणारं दुखणंही खांद्याचं वाटतं. कळ कोपराच्या खाली, थेट बोटांपर्यंत जात असेल, मुंग्या येत असतील, मान वळवल्यावर वाढत असेल, तर आधी मान तपासावी. आणि हे अगदी स्पष्ट सांगतो: हाताच्या हालचालीशी काही संबंध नसलेलं खांद्याचं दुखणं, सोबत छातीत दडपण, घाम, धाप किंवा मळमळ असेल, तर व्यायाम, शेक, मलम यांत एक मिनिटही घालवू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा.

रिपोर्टमधला 'टिअर' किती मनावर घ्यायचा

१९९५ मध्ये अमेरिकेत ९६ जणांच्या खांद्यांचे एमआरआय काढले गेले. यातल्या कुणाचाही खांदा दुखत नव्हता. तरीही ३४ टक्के लोकांच्या रोटेटर कफमध्ये फाट दिसली. साठीच्या पुढच्यांत हे प्रमाण ५४ टक्के होतं. २०११ मध्ये ४० ते ७० वयाच्या, खांदा न दुखणाऱ्या ५१ पुरुषांची सोनोग्राफी झाली. त्यात ९६ टक्के खांद्यांत काही ना काही दोष सापडला.

याचा अर्थ तुमचं दुखणं खोटं आहे असा अजिबात नाही. वयानुसार केस पांढरे होतात तसे टेंडनचे तंतूही विरळ होतात, आणि त्या अवस्थेतही असंख्य लोक बिनतक्रार कामं करतात, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे दुखणं त्या फाटीमुळेच आहे असं केवळ रिपोर्टवरून म्हणता येत नाही. हात किती उचलला जातो, कुठल्या दिशेला जोर कमी पडतो, कशाने दुखतं, दुखापत झाली होती का, यावर निर्णय ठरतो. चांगले डॉक्टर रिपोर्ट वाचण्याआधी शर्ट काढायला सांगतात. अचानक झालेली दुखापत नसेल तर पहिल्याच भेटीत काही हजार रुपये एमआरआयवर घालवण्याची घाई करू नये, असं माझं मत आहे.

हाड तासण्याच्या ऑपरेशनची गोष्ट

अमेरिकेतले शल्यविशारद चार्ल्स नीअर यांनी १९७२ मध्ये एक कल्पना मांडली. वरचं अ‍ॅक्रोमियन हाड टेंडनवर घासतं, म्हणून टेंडन झिजतो. तेव्हा त्या हाडाची खालची कड तासून जागा मोकळी करावी. कल्पना पटण्यासारखी होती. पुढे दुर्बिणीतून हे करता येऊ लागलं आणि जगभर लाखो लोकांवर हे ऑपरेशन झालं.

मग त्याची काटेकोर परीक्षा झाली. ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांचे तीन गट केले गेले. एका गटात हाड तासलं, दुसऱ्यात फक्त दुर्बीण घालून पाहिलं आणि हाडाला हात लावला नाही, तिसऱ्यात काहीच केलं नाही. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आला: हाड तासलेल्यांत आणि नुसती दुर्बीण घातलेल्यांत फरक नव्हता. ऑपरेशन न झालेल्यांपेक्षा दोन्ही गट किंचित बरे होते, पण रुग्णाला जाणवावा इतका तो फरक नव्हता. त्याच वर्षी फिनलंडमधल्या अभ्यासातही हाड तासण्याचा नुसत्या दुर्बिणीपेक्षा अर्थपूर्ण फायदा दिसला नाही. २०१९ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने बोलावलेल्या तज्ज्ञगटाने अशा दुखण्यासाठी हे ऑपरेशन करू नये अशी ठाम शिफारस केली. लक्षात घ्या, ही शिफारस आरपार फाट नसलेल्या खांद्यांसाठी, केवळ हाड तासण्याबद्दल आहे. फाटलेला टेंडन शिवण्याचा प्रश्न वेगळा. त्याकडे पुढे येतो.

यातून समज बदलली. जागा अरुंद आहे म्हणून टेंडन दुखतो, यापेक्षा टेंडनची भार पेलण्याची कुवत कमी पडते म्हणून तो दुखतो, हे स्पष्टीकरण जास्त खांद्यांना लागू पडतं. आणि कुवत वाढवायची तर भारच द्यावा लागतो. थोडा, नेमका, हळूहळू वाढत जाणारा.

पहिले दोन-तीन आठवडे: आग शमवणं

सुरुवातीला ज्या दोन-चार हालचालींनी जोरात कळ येते त्या टाळायच्या. हात पूर्ण बांधून ठेवायचा नाही. रोजच्या वापराचे डबे माळ्यावरून ओट्यावर आणायचे. जेवण करा, लिहा, पोळ्या लाटा. कोपर अंगाजवळ ठेवून होणारी कामं बहुधा चालतात.

झोपेसाठी: चांगल्या कुशीवर झोपा आणि पुढ्यात एक उशी घेऊन दुखरा हात तिच्यावर टेकवा. पाठीवर झोपत असाल तर कोपराखाली घडी घातलेली चादर ठेवा, म्हणजे दंड मागे लोंबत नाही. या एका बदलाने बऱ्याच जणांना रात्र काढता येते.

बर्फ की गरम शेक, हा प्रश्न मला रोज विचारला जातो. ज्याने बरं वाटेल ते घ्या. दोन्हींनी थोडा वेळ आराम पडतो, टेंडन बरा होत नाही. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारून आणि थोडे दिवसच. मूत्रपिंडाचा, रक्तदाबाचा किंवा आम्लपित्ताचा त्रास असेल तर स्वतःच्या मनाने अजिबात नाही.

हालचाल मात्र पहिल्या दिवसापासून. टेबलाला चांगल्या हाताने धरून कमरेत वाका, दुखरा हात सैल लोंबकळू द्या आणि अंग हलवून त्याला मागे-पुढे, मग गोल झुलू द्या. बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने हा व्यायाम ओळखला जातो. दुसरा: पाठीवर झोपून कपडे वाळत घालायची काठी दोन्ही हातांत धरा, चांगल्या हाताच्या जोराने दुखरा हात डोक्याकडे न्या. तिसरा: टेबलावर फडकं ठेवून त्यावर पंजा टेकवा आणि बसल्या जागेवरून पुढे सरकवत न्या. दिवसातून दोनदा, प्रत्येकी दहा-पंधरा वेळा.

जोर लावण्याची सुरुवात न हलता होते. भिंतीशेजारी उभे राहा, दुखरा हात भिंतीकडे, कोपर अंगाला लावून काटकोनात, आणि पंजाच्या मागच्या बाजूने घडी घातलेल्या टॉवेलवरून भिंत बाहेर ढकला. पूर्ण ताकद नको, निम्मी पुरे. वीसेक सेकंद धरा, सोडा, पाचदा करा.

पुढचे दोन-अडीच महिने: खरं काम इथे आहे

बहुतेक लोक इथेच उपचार सोडतात, कारण झोप लागायला लागलेली असते. पण कफची ताकद अजून वाढलेली नसते. स्नायू आणि टेंडन भाराला जुळवून घ्यायला आठवडे, महिने घेतात; यात कसलाही शॉर्टकट नाही.

एक व्यायाम जवळून पाहू, कारण तो सर्वांत जास्त चुकतो: रबरी पट्ट्याने हात बाहेर फिरवणं. पट्टा नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी चालते. तिचं एक टोक कोपराच्या उंचीवर खिडकीच्या गजाला घट्ट बांधा. खिडकीला बाजू देऊन उभे राहा. दुखरा हात खिडकीपासून लांबच्या बाजूला. हातरुमालापेक्षा मोठा नॅपकिन गुंडाळून कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये धरा. कोपर काटकोनात, पंजा पोटासमोर, अंगठा वर. आता पट्टा ताणत पंजा बाहेर न्या. दोन सेकंद बाहेर जाताना, तीन-चार सेकंद परत येताना. नॅपकिन खाली पडला तर कोपर अंगापासून सुटलं. कंबर वळली तर काम पाठीने केलं. मनगट मागे वाकलं तर काम मनगटाने केलं. खांदा कानाकडे चढला तर पट्टा तुमच्यासाठी जड आहे. खिडकीकडे अर्धं पाऊल सरका. परत येताना पट्टा झटकन सोडून देणारे बरेच असतात. पण पट्ट्याला सावकाश परत जाऊ देताना टेंडनवर जो भार पडतो तो या व्यायामाचा महत्त्वाचा भाग आहे.

सोबत आणखी तीन-चार व्यायाम असतात. पट्टा मागे खेचणं, ज्याने खवाट्यामागचे स्नायू कामाला लागतात. भिंतीवर दंड मारणं. जमू लागलं की भिंतीऐवजी ओट्यावर, मग जमिनीवर. आणि अंगठा वर ठेवून, हात सरळ बाजूला न नेता थोडा पुढच्या तिरप्या दिशेने उचलणं. हे आधी रिकाम्या हाताने, मग पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीने, म्हणजे साधारण अर्ध्या किलोने. पाठीचा वरचा भाग पुढे वाकून कडक झाला असेल तर खुर्चीच्या पाठीवरून मागे वळण्याचा व्यायामही देतात, कारण वाकलेल्या पाठीवर खवाटा पुरेसा सरकत नाही.

ताकदीचे व्यायाम रोज करायची गरज नाही. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक व्यायामाचे आठ ते पंधराचे तीन फेरे. शेवटची दोन-तीन आवर्तनं कष्टाची वाटली पाहिजेत. पंधरा आवर्तनं गप्पा मारत होत असतील तर भार वाढवण्याची वेळ झाली. पहिल्या दिवशी मिळालेला हलका पिवळा पट्टा तिसऱ्या महिन्यातही तोच असेल, तर उपचार पुढे सरकलेला नाही.

मग दुखलं तर? दहापैकी तीन-चार इतपत दुखणं व्यायाम करताना चालतं, ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आलं पाहिजे. रात्रभर ठणकलं तर डोस जास्त झाला. व्यायाम बंद न करता भार किंवा आवर्तनं कमी करायची. दुखणं म्हणजे आत आणखी फाटतंय, ही भीती मनातून काढणं हा उपचाराचाच भाग आहे. अमेरिकेत आरपार फाट असलेल्या, पण अपघाताने न झालेल्या ४५२ रुग्णांना आधी व्यायामाचा ठरावीक कार्यक्रम दिला गेला. दोन वर्षांत त्यांच्यापैकी पाव हिश्श्यापेक्षाही कमी लोकांनी ऑपरेशन करून घेतलं. कोण ऑपरेशनकडे वळणार, हे सर्वांत जास्त ठरलं ते फाट किती मोठी यावरून नव्हे, तर व्यायामाने आपल्याला बरं वाटेल अशी रुग्णाची अपेक्षा होती की नाही यावरून. म्हणून फिजिओथेरपिस्टने पहिल्या भेटीत नीट बसून समजावून सांगायला वेळ देणं मला फार मोलाचं वाटतं.

मशीन, इंजेक्शन, मालीश

फिजिओथेरपी म्हणजे मशीन लावणं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. 'दहा दिवस लाइट घेतली, काही उपयोग झाला नाही' हे वाक्य मी सतत ऐकतो. आयएफटी आणि टेन्स (त्वचेवरून सौम्य विजेचा प्रवाह देणारी मशीन) किंवा अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा शेक) यांनी काहींना तात्पुरता आराम मिळतो. पण अल्ट्रासाउंडचा शेक खोट्या शेकापेक्षा फारसा सरस ठरलेला नाही, आणि यातल्या कुठल्याही मशीनने स्नायूची ताकद वाढत नाही. तुमच्या दहा सिटिंगमध्ये केवळ मशीन लागलं आणि एकही व्यायाम शिकवला गेला नाही, तर ते फिजिओथेरपीचं अपयश धरू नका. तुम्हाला उपचाराचा मुख्य भाग मिळालेलाच नाही. विचारा, माझे व्यायाम कोणते, ते कधी वाढवायचे, मी घरी काय करू? हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

रोज क्लिनिकला यावंच लागतं असंही नाही. इंग्लंडमध्ये ७०८ रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला फिजिओथेरपिस्टसोबत सहापर्यंत भेटी, दुसऱ्याला एकच भरपूर वेळाची भेट, नीट सल्ला आणि घरी करायचे व्यायाम. वर्षभराने दोन्ही गटांत फरक नव्हता. ज्यांच्या गावात फिजिओथेरपिस्ट नाही, ज्यांना रोजंदारी बुडवून तालुक्याला जावं लागतं, त्यांच्यासाठी ही दिलासा देणारी गोष्ट आहे. एकदा जा, पण नीट शिकून या; मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ काढून घ्या.

त्याच अभ्यासात स्टेरॉइडच्या इंजेक्शनचीही परीक्षा झाली. आठ आठवड्यांपर्यंत थोडा फायदा दिसला, पुढे तो उरला नाही. म्हणून झोपही लागत नाही इतकं दुखत असेल तर एखादं इंजेक्शन घेऊन व्यायामाला सुरुवात करणं समजण्यासारखं आहे. दर दोन महिन्यांनी इंजेक्शन घेत राहणं योग्य नाही, त्याने टेंडन कमकुवत होऊ शकतो. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, ती मोजत राहा.

हलकी मालीश बरी वाटत असेल तर करा. पण पडल्यानंतर लगेच हात ओढून, झटका देऊन 'बसवून' घेण्यासाठी कुणाकडे जाऊ नका. हाड मोडलेलं किंवा टेंडन ताजा फाटलेला असेल तर त्या एका झटक्याने मोठं नुकसान होतं.

कुणी थांबू नये

दुचाकीवरून पडलात, जिन्यात घसरून हातावर भार आला, आणि काल वर जाणारा हात आज उचललाच जात नाही, तर तीन महिने व्यायामाचा सल्ला तुमच्यासाठी नाही. चाळिशीनंतर खांदा निखळला, तो बसवला, तरी हात उचलत नसेल तर तिथेही कफ फाटल्याची शंका घ्यायला हवी. अशांनी काही दिवसांत अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं, एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी. आरपार फाटलेला स्नायू बराच काळ तसाच राहिला तर तो आकसतो, त्यात चरबी भरते, आणि मग शिवलेला टेंडन टिकण्याची शक्यता घटते. ताप आणि लालसर गरम सांधा, विनाकारण घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, रात्रंदिवस एकसारखं आणि वाढत जाणारं दुखणं, यांचीही आधी डॉक्टरांकडून तपासणी हवी.

हळूहळू झालेल्या फाटीतही ऑपरेशन कधीच लागत नाही असं मी म्हणणार नाही. नॉर्वेमध्ये तीन सेंटिमीटरपर्यंतची फाट असलेल्या १०३ रुग्णांना दहा वर्षं पाहिलं गेलं. सुरुवातीला टेंडन शिवलेले आणि व्यायाम केलेले यांच्यात लहानसा फरक होता. दहा वर्षांनी शिवलेल्यांचा गट सरासरीने पुढे होता आणि व्यायामाच्या गटातल्या काहींची फाट मोठी झाली होती. त्याच वेळी, व्यायामाच्या गटातल्या बहुसंख्य लोकांना ऑपरेशन लागलंच नाही. म्हणून पंचेचाळिशीतला, हाताने जड काम करणारा माणूस आणि सत्तरीतल्या आजी यांना एकच सल्ला देता येत नाही. तीन महिने खरोखर, वाढत्या भाराने व्यायाम करूनही हात उचलत नसेल, झोप येत नसेल, तर शल्यविशारदांशी बोला. वय कमी आणि फाट आरपार असेल तर व्यायाम चालू ठेवूनच त्यांचं मत आधी घेतलेलं बरं.

ऑपरेशन झालं तरी व्यायाम सुटत नाही, उलट लांबतो. चार ते सहा आठवडे हात पट्टीत, मग दुसऱ्याच्या मदतीने हालचाल, मग स्वतःची, आणि ताकदीचे व्यायाम साधारण बाराव्या आठवड्यानंतर. जड कामाला सहा महिने सहज लागतात. एक व्यवहाराची गोष्टही सांगायला हवी: आपल्याकडच्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत ऑपरेशन बसतं, बाह्यरुग्ण म्हणून घेतलेली फिजिओथेरपी बसत नाही. पैशाच्या या गणितामुळे कुणी ऑपरेशनकडे ढकललं जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

कामावर परतताना

हात डोक्याच्या वर ठेवून दिवसभर काम करणाऱ्यांचा खांदा पुन्हा दुखावण्याची भीती जास्त. घरांना रंग देणारे, छताला फॉल्स सीलिंग बसवणारे, वेल्डर, आणि नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत मांडवाखाली छाटणी, विरळणी करणाऱ्या बायका. यांना 'हात वर करू नका' असा सल्ला देणं म्हणजे काम सोडा म्हणणं आहे. त्यांना हात वर ठेवून भार पेलण्याचाच सराव द्यावा लागतो. तिसऱ्या महिन्यात बाटली डोक्याच्या वर नेणं, पट्टा वरून खाली आणि खालून वर खेचणं, मग वर धरलेल्या हातांनी मिनिटभर काम करणं, असा तो वाढत जातो.

शक्य असेल तिथे उंची बदलावी: स्टूल, चढायचा घोडा, लांब दांड्याचा रोलर. सलग दोन तास वर बघून काम करण्यापेक्षा अर्ध्या तासाने खालचं काम मध्ये घालावं. हंगामी काम असेल तर छाटणीच्या सहा-आठ आठवडे आधी पट्टा पुन्हा बाहेर काढावा, आणि पहिल्या आठवड्यात पूर्ण दिवसाऐवजी अर्धा दिवस मांडवाखाली, अर्धा दिवस खालची कामं अशी वाटणी मुकादमाकडून मागून घ्यावी. दुखणं गेल्यानंतरही आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटांचे ताकदीचे व्यायाम चालू ठेवले तर हंगामात खांद्यावर एकदम भार पडत नाही.